पाचव्या हातातलं कुलूप

“आधी तुझं कार्ड की माझं?” चष्म्याच्या घरातून आपलं कार्ड काढत भांडारकाकांनी विचारलं.

“काका, पंधरा वर्षं झाली. दर वेळी हेच विचारता.”

“आणि दर वेळी तू हेच उत्तर देतेस. आज शेवटचं म्हणून म्हटलं, ऐकून घ्यावं.”

रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हरची खोली इतकी गार असे, की काका तिथे येताना कानाला मफलर गुंडाळून येत. ते सामानाच्या भांडाराचे प्रमुख. कापूस, हातमोजे, सलाइनच्या बाटल्या यांच्यावर नजर ठेवणं हे त्यांचं खरं काम. कॉम्प्युटरशी संबंध होता तो या एका कार्डापुरता. खोलीतल्या मांडणीवर जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी होती. रुग्णांची माहिती कॉम्प्युटरमध्ये साठवायची ती कुलूप लावून, आणि त्या कुलपाची किल्ली या पेटीच्या पोटात. पेटी किल्ली बाहेर कधी देत नसे आणि दोन माणसांची दोन कार्डं घातल्याशिवाय कुणाचं ऐकतही नसे. एक कार्ड काकांचं, दुसरं कुलूपताईचं.

ती कुलपं बसवणारा प्रोग्रॅम एकहाती लिहिणारी आणि सांभाळणारी म्हणून ती कुलूपताई. सफाईच्या बायकांपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला याच नावानं हाक मारत. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ती या नावाला अशी सरावली होती, की फोन उचलतानाही “कुलूपताई बोलतेय” असंच म्हणे. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील गोदामावर रखवालदार होते. त्यांची एक सवय होती, दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. “लावलं म्हणजे लागलंच असं नाही,” असं ते म्हणत. ताई हसायची, पण निघताना तीही ओढून बघायचीच.

आज काळी पेटी निकालात निघायची होती. पाच वर्षांपूर्वी नवं, जास्त भक्कम कुलूप आलं होतं. जुन्या कुलपातल्या नोंदी एकेक करून नव्यात आणून झाल्या होत्या. शिल्लक नोंदींचा कागद ताईच्या हातात होता आणि त्यावर एकच आकडा छापलेला होता, शून्य. तो तिनं सकाळपासून तीनदा बघितला होता.

“मी काय म्हणतो,” काका पेटीकडे बघत म्हणाले, “राहू दे की अजून महिनाभर. कोपऱ्यात पडून राहील. काय खायला मागतंय का ते?”

“नियमात बसत नाही, काका. काम संपलेली किल्ली ठेवायची नसते. ठेवली की कधी ना कधी भलत्याच्या हाती लागते.”

“नियम कुणी केला?”

“मीच.”

“मग तर बोलायलाच नको,” काका म्हणाले आणि त्यांनी कार्ड सरकवलं.

पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला, थोडा वेळ फडफडला आणि गेला. किल्ली पुसली गेली होती. मग दोन्ही कार्डं कापायच्या यंत्रात घातली. काकांनी आपल्या कार्डाचे तुकडे डब्यात पडताना पाहिले, रिकामं चष्म्याचं घर खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चला, आता या घरात चष्मा ठेवता येईल.” ताईनं कागदावर वेळ लिहिली, सव्वादहा. दोघांनी सह्या केल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“ताई, मी बोलतेय. उघडत नाहीये गं.”

हा आवाज कुणाचा, हे तिला सांगावं लागत नसे. वाचा विभागाच्या डॉक्टर. लोकांना बोलायला शिकवणाऱ्या म्हणून त्यांना सगळे बोलक्या डॉक्टर म्हणत, आणि त्या नावाला जागतही असत.

“काय उघडत नाहीये?”

“मास्तरांचं रेकॉर्डिंग. दुपारी दोघं येतायत. आज त्यांचं बोलायचं यंत्र चालू करून द्यायचंय. माझा पासवर्ड बरोबर आहे, दोनदा टाकून बघितला. बाकीची सगळी उघडतायत, हेच तेवढं हटून बसलंय.”

“येते,” ताई म्हणाली. तिला अजिबात काळजी वाटली नाही. डॉक्टरांचा पासवर्ड बरोबर असतो तेव्हा बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं असतं, हा तिचा आठ वर्षांचा अनुभव होता.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आधी आठ दिवस काचेच्या खोलीत बसवून त्यांचा आवाज साठवून घेतला होता. वाक्यांची यादी ठरलेली असते. माणूस ती वाचतो आणि पुढे त्याच आवाजातून यंत्र हवं ते वाक्य बनवून बोलतं. मास्तरांचं रेकॉर्डिंग चार तास सतरा मिनिटांचं झालं. त्यानंतर शस्त्रक्रिया. जखम भरायला दोन महिने गेले होते.

ताईला तो आवाज माहीत होता. रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी माइक बिघडला म्हणून ती वायर बदलायला गेली होती. मास्तर कागदावरची वाक्यं वाचत होते आणि मध्येच थांबून स्वतःची घालत होते. “डावीकडे पिवळी भिंत आहे. भिंतीवर मांजर बसलंय. पुढे दोन पायऱ्या आहेत, सावकाश.” ताईनं डॉक्टरांकडे बघितलं होतं. डॉक्टर हळूच म्हणाल्या होत्या, “त्यांच्या बायकोला दिसत नाही. लग्न झाल्यापासून हे रस्ता असा बोलून दाखवतात. ही वाक्यं माझ्या यादीत कुठली असणार!” मास्तरांचा आवाज भरडा होता, शब्दाच्या शेवटी थोडा वर जाणारा. गाडी बंद पाडणाऱ्या नवशिक्यावरही न ओरडणाऱ्या माणसाचा आवाज.

डॉक्टरांच्या खोलीत बसून ताईनं नोंद उघडून पाहिली. उघडली नाही. मोठ्या अक्षरांचं बटणही दाबलेलं नव्हतं. नोंदीवरची चिठ्ठी स्पष्ट सांगत होती, ‘नवं कुलूप.’ आणि नवं कुलूप म्हणत होतं, हे माझं नव्हे.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“थांबा हं.”

“तुझा चेहरा का उतरला?”

“डॉक्टर, जरा थांबा ना.”

ती खाली आपल्या खोलीत आली. दार लावलं आणि प्रोग्रॅमनं रोजच्या रोज लिहून ठेवलेली नोंदवही काढून मास्तरांचं रेकॉर्डिंग साठवलं त्या दिवशीच्या ओळी वाचायला लागली. अर्ध्या तासानं तिला सगळं कळलं.

त्याचं असं झालं होतं. प्रोग्रॅमला कुलूप पुरवणाऱ्याला या धंद्यात प्रोव्हायडर म्हणतात. प्रोव्हायडरांची एक यादी असते, अख्ख्या प्रोग्रॅमला मिळून एकच. काही बंद करायचं असलं की यादीतल्या पहिल्याला सांगायचं. उघडताना पहिल्याला जमलं नाही, तर यादी मुकाट्यानं दुसऱ्याला विचारते. ताईनं पाच वर्षांपूर्वी नव्या कुलपाला पहिलं बसवलं होतं आणि काळ्या पेटीला दुसरं.

पण एक अडचण होती. क्ष-किरण विभागातल्या जुन्या यंत्राला, ते गेल्या महिन्यात भंगारात गेलं तोवर, जुन्या कुलपाशिवाय दुसरं काही कळत नसे. त्याच्यासाठी अख्खी यादी उलटी करायची, तर सगळं रुग्णालय जुन्या कुलपावर आलं असतं. मग ताईनं एक सोय केली, आणि त्या वेळी तिला तिचा अभिमानही वाटला होता. प्रोग्रॅमच्या आत एका वेळी आठ हात राबत असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. काम आलं की मोकळा हात ते उचलतो, संपवतो आणि पुढच्या कामासाठी पुन्हा मोकळा होतो. ज्या हाताकडे क्ष-किरणाचं काम येईल, त्याला ती सांगायची, तुझ्यापुरतं यादी बघू नकोस, जुनं कुलूप वापर. काम झालं की पुढच्या ओळीत सांगायची, आता ठेव ते आणि यादीप्रमाणे चाल.

ही दुसरी ओळ तिनं काम झाल्यावर लिहिली होती. काम झालंच नाही तर काय, याचा विचार तिनं केला नव्हता. जुनं यंत्र अधूनमधून मध्येच अडकायचं. काम अर्ध्यावर मोडायचं, हात तसाच बाहेर पडायचा आणि दुसरी ओळ वाचली जायचीच नाही. मग तो हात जुनं कुलूप मुठीत धरूनच पुढच्या कामाला लागायचा. ते काम कुणाचंही असो, रक्ताचा अहवाल असो नाहीतर मास्तरांचा आवाज.

त्या दिवशी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पाच नंबरच्या थ्रेडवर क्ष-किरणाचं यंत्र अडकलं होतं. अकरा त्रेचाळीसला त्याच पाच नंबरनं मास्तरांचं रेकॉर्डिंग बंद केलं, जुन्या कुलपात. वर चिठ्ठी चिकटवली नव्याची, कारण चिठ्ठी यादी बघून लिहिली जाई. हातात काय आहे हे कुणी बघतच नव्हतं. आणि पेटी जिवंत होती तोवर हे कळायलाही मार्ग नव्हता. नव्या कुलपाला जमलं नाही की यादी गुपचूप पेटीला विचारायची आणि नोंद उघडायची. रेकॉर्डिंग झालं त्या संध्याकाळी डॉक्टरांनी ते उघडून ऐकलंही होतं. सगळं सुरळीत चालू होतं. सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

शिल्लक नोंदींचा शून्य चिठ्ठ्या मोजून आला होता. तीनदा ओढून बघितलेलं कुलूप भलत्याच दाराचं होतं.

ताईनं अशा सगळ्या नोंदी शोधून काढल्या. एकोणनव्वद निघाल्या. तिनं एकेक तपासली. रक्ताचे अहवाल होते, त्यांच्या छापील प्रती फायलींमध्ये होत्या. काही चाचण्या पुन्हा करता येण्यासारख्या होत्या. दोन आवाज होते, पण त्यांची यंत्रं आधीच बनून गेली होती. अठ्ठ्याऐंशींना काही ना काही वाट होती. उरलेल्या एकाचा आवाज पुन्हा घेता येणार नव्हता, कारण तो जिथून यायचा ती जागाच आता त्याच्या गळ्यात नव्हती.

मग तिनं ती ओळ दुरुस्त केली. काम होवो वा मोडो, हात बाहेर पडताना कुलूप खाली ठेवेलच, अशा जागी बसवली. दोन मिनिटांचं काम. बैल गेला नि झोपा केला, असं स्वतःशीच म्हणाली आणि तिला रडू आलं.

दारावर थाप पडली. काका होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. रुग्णालयात ताप चढायला वेळ लागतो, बातमी पसरायला लागत नाही.

“ते तुकडे आहेत अजून डब्यात,” काका दारातूनच म्हणाले. “मी टाकू दिले नाहीत. चिकटवून काही होत असेल तर…”

“कार्डं जोडून काही होणार नाही, काका. पेटीतच काही नाही आता.”

“ज्यांनी पेटी बनवली त्यांना विचारलंस?”

“विचारलं. ते म्हणाले, किल्ली पुसली गेली याबद्दल अभिनंदन. पेटी चांगली चालली म्हणे.”

“आणि फोडून? आजकाल पोरं काय काय फोडतात.”

“हे नाही फुटत.” ताई पदरचं काही सांगत नव्हती. “तेवढ्यासाठीच तर ते निवडलं होतं मी. किल्लीशिवाय जन्मभर बसलं तरी उघडणार नाही, असंच हवं म्हटलं होतं.”

काका स्टुलावर बसले. महिनाभर राहू दे म्हणालो होतो, हे त्यांनी काढलं नाही. ते काढत नाहीत, हे तिला जास्तच लागलं.

साडेबाराला ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी पुढे केलं आणि मग टेबलावरचा पेपरवेट दोनदा इकडून तिकडे ठेवला.

“प्रती असतील ना कुठेतरी? तुम्हीच तर तीन-तीन प्रती ठेवता.”

“तीन आहेत साहेब. तिन्ही तितक्याच बंद आहेत.”

“डॉक्टरांकडे एखादी साधी प्रत? बिनकुलपाची?”

“त्या ठेवायच्या आधी. गेल्या वर्षी मीच सगळ्या पुसायला लावल्या आणि पुढे ठेवू दिल्या नाहीत. रुग्णाचा आवाज असा उघडा ठेवायचा नाही म्हणून.”

“बरोबरच केलंत,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, तांत्रिक बिघाड झाला असं सांगू. खोटं थोडंच आहे? मशीन आहे, बिघडतं. यंत्रात तयार आवाजही असतात, त्यातला चांगलासा देऊ. तुम्ही नका जाऊ समोर. डॉक्टर सांगतील.”

“मशीन बिघडलं नाही साहेब. मशीननं मी सांगितलं तेच केलं.”

“हे त्यांना समजणार आहे का?”

“माहीत नाही. पण डॉक्टरांनी का सांगायचं? त्यांनी काय केलंय?”

साहेबांनी पेपरवेट जागेवर ठेवला. “जा मग,” ते म्हणाले. “मला तर काय बोलावं तेही सुचत नाही.” आणि ते खरंच होतं.

दुपारी तीन वाजता मास्तर आणि मास्तरीणबाई आले. मास्तर उंच, गळ्याभोवती पातळ सुती रुमाल, खिशाला लटकवलेली लहानशी पाटी. बाई बुटक्या, नीटनेटक्या, खांद्याला पर्स. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं होतं. खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी बोटानं मनगटावर दोनदा टकटक केलं आणि बाई थांबल्या.

“दोन म्हणजे ब्रेक,” बाई हसत म्हणाल्या. “एक म्हणजे चला. तीन म्हणजे पायरी. दोन महिने झाले, मी शिकाऊ गाडी झालेय यांची. डॉक्टर, आज परीक्षा संपली ना? आज बोलायला लागणार ना हे?”

बोलक्या डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“यांनी पाटीवर लिहून काय उपयोग?” बाई पुढे बोलतच होत्या. “माझ्यासमोर धरतात, मग आठवतं त्यांना, मग पुसतात. मला खडूचा आवाज ऐकू येतो तेवढा. आणि ते तुमचं नमुन्याचं यंत्र दिलं होतंत ना मधे चार दिवस, त्यातला माणूस बाई इतका गोड बोलायचा! घरात कुणी परका शिरलाय असं वाटायचं. मी पदर सारखा करायची. शेवटी म्हटलं, बंद करा त्याला, आपल्या माणसाचा येऊ दे.”

मास्तर मान खाली घालून हसले. हसण्याचा आवाज आला नाही.

“बाई,” ताई म्हणाली. “मी इथली कॉम्प्युटरवाली. मास्तरांचा आवाज माझ्या कुलपात होता.”

“हां, कुलूपताई! मास्तर म्हणाले होते. तुम्ही माइक नीट केला होतात.”

“तो आवाज आता उघडत नाही.”

तिनं सगळं सांगितलं. आठ हात, पाचवा हात, त्याच्या मुठीत राहिलेलं जुनं कुलूप, आणि आज सकाळी सव्वादहाला आपल्याच हातानं पुसलेली किल्ली. कुठेही “झालं” म्हटलं नाही. “मी केलं” म्हटलं. सांगताना ती मास्तरांकडे बघू शकली नाही. बाईंकडे बघत होती, आणि त्यांना दिसत नाही याचा आधार वाटला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

मास्तरांनी पाटी काढली, खडू घेतला आणि काहीच न लिहिता हातात धरून बसले.

“सकाळी सव्वादहाला?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे काल आलो असतो, तर?”

ताईला वाटलं, हा प्रश्न सोडून दुसरा कुठलाही यावा. “काल उघडला असता,” ती म्हणाली.

“कालच बोलावलं होतं डॉक्टरांनी. माझं डोकं दुखत होतं म्हणून आज म्हटलं आम्ही.” बाईंचा आवाज आता बारीक झाला होता. “हे म्हणत होते, म्हणजे हात ओढत होते, चल म्हणून. मीच नको म्हटलं.”

“बाई, यात तुमची काही चूक नाही हो.”

“नाही, ते कळतंय मला. तुमची आहे.” बाईंनी ते रागानं म्हटलं नाही. एखादी वस्तू जिथली तिथे ठेवावी तसं म्हटलं. “एक सांगा. पुसला गेला नाही ना आवाज? आहे ना?”

“आहे. पूर्ण आहे. चार तास सतरा मिनिटं. एक शब्दही कमी नाही. फक्त उघडत नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“तुम्ही ऐकला होतात तो? काय म्हणत होते?”

ताईच्या कानात तो आवाज स्वच्छ वाजत होता, भरडा, शेवटी थोडा वर जाणारा. पण कानातला आवाज काढून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तिनं नुसते शब्द सांगितले. “डावीकडे पिवळी भिंत आहे. भिंतीवर मांजर बसलंय. पुढे दोन पायऱ्या आहेत, सावकाश.”

बाई त्या शब्दांकडे कान लावून ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली. “नाही,” त्या म्हणाल्या. “तसं नाही म्हणत हे.”

मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला.

बाई म्हणाल्या, “मग आम्हाला द्या तो.”

“बाई, तो लागणार नाही कुठेच. कुठल्याही यंत्रात घातलात तरी…”

“कळलं हो मला. बंद आहे. पण आहे तर आमचाच ना? तुमच्याकडे ठेवून तुम्ही काय करणार?”

ताई खाली गेली, भांडारातून एक नवा पेनड्राइव्ह मागितला. काकांनी काही न विचारता दिला. तिनं ती बंद नोंद त्यावर उतरवून घेतली. वस्तू देताना वहीत नोंद करायची असते. वस्तू काय, कुणाला दिली आणि तिची स्थिती. स्थितीच्या रकान्यात लोक ‘चालू’ नाहीतर ‘नादुरुस्त’ लिहीत. ताईनं लिहिलं, ‘संपूर्ण.’

बाईंनी पेनड्राइव्ह हातात घेऊन बोटांनी चाचपला. “एवढासाच?” म्हणाल्या. मग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली आणि लागली का, ते ओढून बघितलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

मास्तर उठले. दारापाशी येऊन ते ताईसमोर थांबले. पाटीवर काहीतरी लिहिलं, तिला दाखवलं, आणि तिनं वाचल्यावर बाहीनं पुसून टाकलं. ‘हे मी तिला सांगू शकलो नसतो. तुम्ही सांगितलंत.’ त्यात माफी होती की नुसती पोच, ते तिला कळलं नाही, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.

ती त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली. समोर रुग्णालयाचा लांब व्हरांडा होता. मास्तरांनी एक टकटक केलं आणि दोघं चालू लागले. दहाएक पावलं गेल्यावर बाईंनी पस्तीस वर्षांच्या सवयीनं मान वर करून विचारलं, “काय आहे हो समोर?”

मास्तर थांबले. समोर मोठी खिडकी होती, तिच्यातून तिरकं ऊन आत आलं होतं. बाकावर एक म्हातारा टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. बादलीत बुडवलेलं फडकं पिळत एक बाई उभी होती. मास्तरांनी सगळं नीट बघून घेतलं. त्यांचे ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले.

दारात उभ्या असलेल्या ताईला सगळं दिसत होतं. खिडकी, ऊन, टोपी, बादली. हाक मारून सांगितलं असतं तर बाईंना ऐकू गेलं असतं, एवढंच अंतर होतं. ती बोलली नाही.

बाई थांबून वाट बघत होत्या. मग मास्तरांनी त्यांच्या मनगटावर बोट टेकवलं आणि एकदाच टकटक केलं. बाई पुढे चालू लागल्या.